हर्बल चहा: गरम, गार आणि गुणकारी किती?

हर्बल चहाकडे वळणाऱ्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात: दूध-साखरेच्या चहातून सुटका आणि वर काहीतरी गुण. पहिली गोष्ट पहिल्या कपापासून मिळते. दुसरीबद्दल मात्र पाकिटावर छापलेलं, घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं आणि प्रयोगांतून दिसलेलं, या तिन्हींत बरंच अंतर आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत या वनस्पतींची माणसांवर पुष्कळ तपासणी झाली. काही प्रयोग अगदी लहान होते, काही नीट आखलेले होते, आणि काहींनी आपल्या आवडत्या समजुतींना धक्का दिला. हे सगळं एकत्र पाहिलं तर आपल्या घरातल्या कपाबद्दल ठामपणे काय सांगता येतं, ते इथे मांडतो आहे.

ग्रीन टी आधी बाजूला ठेवू. तो आसाम-दार्जिलिंगच्या चहाच्याच झुडपाचा असतो आणि त्यात कॅफीन असतं. हर्बल चहा म्हणजे ते झुडूप सोडून इतर कुठल्याही वनस्पतीची पानं, फुलं, साल, मूळ किंवा बी पाण्यात उतरवून केलेलं पेय. गवती चहा, तुळस, पुदिना, आलं, धने, अंबाडीची बोंडं, कॅमोमाइल, दक्षिण आफ्रिकेतलं रुइबोस ही सगळी मंडळी यात येतात. दक्षिण अमेरिकेतला माते सोडला तर यांतल्या बहुतेकांत कॅफीन नसतं.

गरम प्यावा की गार, याचा विचार आपल्याकडे बर्फ घरोघरी येण्याच्या कितीतरी आधी झाला आहे. वनस्पतीतला गुण पाण्यात उतरवायच्या निरनिराळ्या रीती शार्ङ्गधर संहितेने प्रमाणं देऊन सांगितल्या आहेत. काढ्यासाठी सोळापट पाणी घ्यायचं आणि उकळून आठवा हिस्सा उरवायचा. फांटासाठी भरडलेल्या वनस्पतीवर कढत पाणी ओतायचं आणि थोड्या वेळाने गाळायचं. हिमासाठी सहापट गार पाण्यात ती रात्रभर भिजवायची आणि सकाळी गाळायची. रात्री भिजवलेल्या कुटलेल्या धन्यांचं साखर घातलेलं पाणी, म्हणजे धान्यक हिम, अंगाची आग आणि तहान यांवर सांगितलं आहे. एप्रिल-मे महिन्यांत ते आजही अनेक घरांत होतं.

या रीती वेगवेगळ्या का, हे आज सहज समजतं. तुळस, पुदिना, गवती चहा यांचा वास आणि चव उडून जाणाऱ्या तेलांत असते. पात उघड्या भांड्यात खळखळ उकळली की घरभर घमघमाट सुटतो. जेवढा वास घरात गेला तेवढी चव कपातून कमी झाली. म्हणून पाणी उकळल्यावर गॅस बंद करावा, पात हाताने मोडून टाकावी, वर झाकण ठेवावं आणि पाच-सात मिनिटांनी गाळावं. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंबही कपात झटकावेत, त्यांत तेच तेल असतं. सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध यांचं उलट आहे. ही कठीण मुळं आणि साली नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाहीत, त्यांना उकळीच हवी. गार पाण्यात तुरट आणि कडवट द्रव्यं हळूहळू उतरतात, त्यामुळे रात्रभर भिजवलेलं पेय जिभेला मऊ लागतं. पण गरम चहा निववून त्यात बर्फ घातला म्हणून त्याचे गुण जात नाहीत. चव कोणती हवी आणि हवा कशी आहे, एवढ्यावर गरम-गार ठरवायला हरकत नाही. त्याला दोन-तीन अपवाद आहेत, ते पुढे येतील.

गुणांच्या बाबतीत सगळ्यात भक्कम पुरावा ज्या वनस्पतीचा आहे, ती आपल्या ओळखीची आहे. परदेशी पाकिटांवर तिला 'हिबिस्कस' म्हणतात. आपल्याकडे ती लाल अंबाडी. अंबाडीची भाजी महाराष्ट्रभर होते, आणि विदर्भात बोंडांची चटणी आणि सरबतही करतात. फूल गळून गेलं की त्याच्या तळाशी असलेला लाल कोश फुगतो, मांसल होतो आणि आतल्या बियांच्या बोंडाला घट्ट मिठी मारून बसतो. तो सोलून सुकवला की चहाचा माल तयार. इजिप्तमध्ये हेच पेय करकदे या नावाने गरमही पितात आणि गारही. सेनेगलमध्ये ते बिसाप आहे, मेक्सिकोत आग्वा दे हामायका, आणि कॅरिबियन बेटांवर नाताळात आलं घालून केलेल्या याच पेयाला सॉरेल म्हणतात.

काचेच्या पेल्यात या सुकलेल्या कोशाचे चार तुकडे टाकून वरून गरम पाणी ओतलं तर रंगाचे धागे तळाकडे सुटताना दिसतात, आणि दोन-तीन मिनिटांत पेला डाळिंबी होतो. गार पाण्यात हेच व्हायला काही तास लागतात. तो रंग अँथोसायनिन या द्रव्यांचा. आंबट पाण्यात ती लाल राहतात. चिमूटभर खायचा सोडा पडला तर तोच पेला जांभळट-निळा होतो. रक्तदाबावरचा परिणाम बहुधा याच द्रव्यांमुळे होत असावा, असं संशोधक मानतात.

हा परिणाम किती? अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाचा प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. रक्तदाब थोडासा वाढलेल्या, पण त्यावर औषध न घेणाऱ्या ३० ते ७० वयाच्या ६५ जणांचे त्यात दोन गट केले. एका गटाला सहा आठवडे रोज तीन कप अंबाडीचा चहा दिला. २४० मिलिलीटरच्या एका कपाला सव्वा ग्रॅम सुकी बोंडं, असं प्रमाण होतं. दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं आणि तसंच लागणारं साधं पेय दिलं. चहा पिणाऱ्यांचा वरचा रक्तदाब सरासरी ७.२ अंकांनी उतरला, दुसऱ्या गटाचा १.३ अंकांनी. ज्यांचा दाब मुळात जास्त होता त्यांना फरक जास्त पडला. पुढे २०१५ साली अशा पाच प्रयोगांतल्या ३९० जणांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हाही वरच्या दाबात सुमारे साडेसात आणि खालच्यात साडेतीन अंकांची घट दिसली.

सात अंक म्हणजे थोडथोडके नव्हेत. पण ते मिळाले ते रोज तीन कप, ठरलेल्या वजनाचे, सहा आठवडे न चुकता घेऊन. अधूनमधून हॉटेलात मागवलेल्या लाल आइस्ड टीला हा हिशेब लागू नाही, त्यात चार चमचे साखर असेल तर नाहीच. आणि ज्याची रक्तदाबाची गोळी चालू आहे त्याने हा चहा गोळीच्या जागी घेऊ नये; गोळीबरोबर रोज घ्यायचा असेल तर दाब मोजत राहावा, कारण दोन्ही एकाच दिशेला ओढतात. आणखी एक काळजी दातांची. हे पेय चांगलंच आंबट आहे. दिवसभर घोट-घोट घेत राहिलं तर दातांवरचं आवरण झिजतं. त्यामुळे बसून एकदा प्यावं, मग साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच ब्रश करू नये.

इतर वनस्पतींचा पुरावा इतका सरळ नाही. कॅमोमाइलचंच पाहा. रात्रीच्या झोपेसाठी जगभर त्याचं नाव घेतात. अमेरिकेत दीर्घकाळ निद्रानाश असलेल्या ३४ जणांवर झालेला प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. काहींना २८ दिवस कॅमोमाइलच्या अर्काच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या. झोपेच्या मोजमापांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. चिंतेच्या विकारावर कॅमोमाइलचा थोडा उपयोग दिसला आहे, पण तोही अर्काच्या कॅप्सूलचा. हर्बल चहाचे दावे वाचताना हा फरक कायम लक्षात ठेवावा लागतो: प्रयोग कॅप्सूलवर होतो आणि जाहिरात चहाच्या पिशवीची होते. पिशवीतून कपात किती द्रव्य उतरतं, ते कॅप्सूलमधल्या मात्रेच्या जवळपास तरी जातं का, हे पाकिटावर सहसा नसतं.

आपल्या गवती चहावरही असा प्रयोग झालेला आहे, आणि तो आपल्याकडे फारसा माहीत नाही. ब्राझीलमध्ये मन शांत व्हावं, झोप लागावी म्हणून गवती चहा घेण्याची मोठी प्रथा आहे. तिथल्या संशोधकांनी निरोगी माणसांना तो देऊन झोप आणि चिंता दोन्ही तपासल्या. १९८६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष सरळ होता: अपाय काहीही दिसला नाही, पण झोपेवर किंवा चिंतेवरही परिणाम दिसला नाही. मला यातला पहिला अर्धा भाग जास्त मोलाचा वाटतो. पावसाळी संध्याकाळी पातीचा चहा प्यायला औषधी कारण लागत नाही. तो निर्धोक आहे आणि चवीला फार सुंदर आहे, एवढं पुरे.

मग रात्री हर्बल चहा घेतल्यावर झोप चांगली लागते असं इतके लोक सांगतात, ते खोटं बोलतात का? मुळीच नाही. संध्याकाळी सहाला किंवा रात्री जेवणानंतर घेतलेल्या साध्या चहाच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि ते शरीरातून निम्मं व्हायला पाच-सहा तास लागतात. त्या कपाच्या जागी पुदिना किंवा कॅमोमाइल आलं की कॅफीन गेलं. शिवाय दिवसाला चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर, असा बेत असेल तर चाळीस ग्रॅम साखर चहातूनच पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली दिलेल्या सूचनेप्रमाणे वरून घातलेली साखर एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या, म्हणजे दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅमच्या. यातल्या दोन कपांची जागा जरी बिनसाखरेच्या हर्बल चहाने घेतली तरी वीस ग्रॅम साखर वाचली. माझ्या मते हर्बल चहाचा सगळ्यात मोठा आणि खात्रीचा फायदा हाच आहे: तो ज्याची जागा घेतो, ते कमी होतं. यासाठी कुठली दुर्मीळ वनस्पती लागत नाही. महागडं पाकीट तर नाहीच लागत.

आलं आणि पुदिना या दोघांची गोष्ट थोडक्यात सांगण्यासारखी आहे. मळमळीवर, विशेषतः गरोदरपणाच्या सुरुवातीच्या मळमळीवर, आल्याचा उपयोग अनेक प्रयोगांत दिसला आहे. त्यांत दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ वापरलेली असते. पुदिन्याचं तेल आतड्यांच्या कुरकुरीवर, पोटात मुरडा येण्यावर गुण देतं, पण तेही आतड्यात जाऊन फुटणाऱ्या कॅप्सूलमधून. चहातला पुदिना पोटाला बरं वाटायला लावतो, हे खरं. मात्र ज्यांना आम्लपित्ताचा, घशाशी आंबट येण्याचा त्रास आहे त्यांचा तो वाढू शकतो, कारण पुदिना अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल करतो. पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असलेल्या मुलींना आजकाल पुदिन्याच्या चहाचा सल्ला सर्रास मिळतो. तुर्कस्तान आणि ब्रिटनमधल्या दोन लहान प्रयोगांत पुरुषी संप्रेरकं खरोखर कमी झाली. परंतु ब्रिटनमधल्या महिनाभराच्या प्रयोगात चेहऱ्या-अंगावरच्या केसांत डॉक्टरांना मोजता येईल असा फरक पडला नाही. हा चहा घ्यायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर तपासण्या आणि उपचार थांबवू नयेत.

आता ज्या गोष्टीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, ती लोहाची. जेवणाबरोबर चहा पिऊ नये, लोह मिळत नाही, हे आता बऱ्याच जणींना ठाऊक झालं आहे. म्हणून साधा चहा सोडून जेवणावर पुदिन्याचा चहा घेणारेही भेटतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पावाबरोबर निरनिराळी पेयं देऊन लोह किती शोषलं जातं ते मोजलं होतं. काळ्या चहाने शोषण ७९ ते ९४ टक्क्यांनी घटलं. पेपरमिंटच्या चहाने ८४ टक्क्यांनी, आणि कॅमोमाइलने ४७ टक्क्यांनी. म्हणजे या बाबतीत पेपरमिंटने चहाशी बरोबरी केली. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात लोहयुक्त हिमोग्लोबिन कमी असल्याचं २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दिसलं. भाकरी, डाळ, पालेभाजी यांतून मिळणारं लोह आधीच कमी शोषलं जातं. त्यावर लगेच कुठलाही चहा, हर्बल असला तरी, घेऊ नये. जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर तरी मोकळा ठेवावा. ताटात लिंबाची फोड मात्र जरूर असावी. त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जायला मदत होते.

करोनाच्या काळात या विषयाने गंभीर वळण घेतलं. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ आणि काळी मिरी यांच्या काढ्याची शिफारस केली. घराघरांत तो रोज होऊ लागला, आणि त्यात आपापल्या समजुतीने ज्येष्ठमध, गुळवेल, अश्वगंधा यांची भर पडली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले. त्या सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. यकृताच्या तपासणीत स्वयंप्रतिकारातून होणाऱ्या दाहासारखी चिन्हं होती. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. आयुष मंत्रालयाने यावर आक्षेप घेतला. गुळवेल सुरक्षित आहे, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं होतं. दोन्ही बाजू वाचल्यावर माझं मत असं झालं की शहरातल्या माणसाने कुंपणावरची वेल स्वतः ओळखून रोज उकळून पिणं थांबवावं. वेल ओळखण्यात चूक झाली असली काय आणि वेलीचाच दोष असला काय, पिणाऱ्याच्या यकृताला फरक पडत नाही. ज्याला थायरॉइडचा, सांध्यांचा किंवा इतर कुठला स्वयंप्रतिकाराचा विकार आहे, त्याने तर वैद्याच्या देखरेखीशिवाय गुळवेलीच्या वाटेला जाऊच नये.

दालचिनीबद्दलही एक बारकावा सांगायला हवा. किराणा दुकानात स्वस्तात मिळणारी जाड, एकाच पदराची साल बहुधा कॅसिया जातीची असते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य असतं, आणि ते जास्त प्रमाणात रोज घेतलं तर काहींच्या यकृताला बाधतं. श्रीलंकेची दालचिनी पातळ, अनेक पदरांची आणि हाताने चुरडता येण्यासारखी असते. तिच्यात कुमारिन नगण्य. मसालेभातात घातलेल्या तुकड्याने काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने रोज काढा करायचा असेल तर मात्र ही दुसरी साल शोधावी.

यापेक्षाही जास्त काळजी मला वजन उतरवणाऱ्या आणि 'डिटॉक्स' म्हणवणाऱ्या चहांची वाटते. अशा पाकिटाची पुढची बाजू हिरव्या पानांची असते. पाकीट उलटं करून घटकांची बारीक अक्षरं वाचली तर तुळस, लिंबाची साल, बडीशेप यांच्या रांगेत एका कोपऱ्यात सोनामुखी सापडते. सोनामुखी हे रेचक आहे. ती घेतल्यावर दुसऱ्या दिवशी वजनकाट्यावर जे कमी दिसतं ते पाणी आणि मळ. चरबी जिथल्या तिथे असते. आठवड्यांमागून आठवडे घेत राहिलं तर शरीरातलं पोटॅशियम घटतं आणि आतडं तिच्यावर अवलंबून राहू लागतं. शरीरातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं चोवीस तास करतात, त्यांना या पिशवीची गरज नसते. अमेरिकेत २०२० साली तिथल्या व्यापार आयोगाने असे दावे करणाऱ्या एका कंपनीवर कारवाई केली होती. आपल्याकडे समाजमाध्यमांवर तसे दावे रोज दिसतात, आणि कोवळ्या वयाच्या मुलीही त्यांना बळी पडतात.

ज्येष्ठमधाचंही असंच. घशाला तो छान लागतो, म्हणून साखर नसलेल्या अनेक मिश्रणांत गोडीसाठी तो घालतात. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं, पोटॅशियम घटतं, रक्तदाब चढतो. रक्तदाब उतरावा म्हणून अंबाडीचा चहा आणणाऱ्याच्या पाकिटात गोडीला ज्येष्ठमध असेल तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होईल. खोकल्याला दोन-चार दिवस घेणं वेगळं, आणि रक्तदाबाच्या रुग्णाने वर्षभर रोज घेणं वेगळं.

अ‍ॅलर्जीचा धोका थोड्यांनाच असतो, पण महाराष्ट्रात तो थोडा जास्त धरायला हवा. कॅमोमाइल सूर्यफुलाच्या कुळातलं. शेवंती, झेंडू आणि आपल्याकडे जिकडे-तिकडे माजलेलं गाजरगवत याच कुळातलं. ज्यांना गाजरगवताने अंगाला खाज सुटते, शिंका येतात किंवा दम लागतो, त्यांनी कॅमोमाइल जपूनच घ्यावं. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर कॅमोमाइल टाळावं. दोन्ही एकत्र घेतल्यावर शरीरात रक्तस्राव झाल्याची नोंद आहे.

वनस्पती गोळा करतानाही चूक होते. २०१३ साली जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेला बाजारातल्या हर्बल चहांत यकृताला घातक अशी अल्कलॉइड सापडली. कॅमोमाइल किंवा पुदिना यांचा त्यात दोष नव्हता. कापणीत त्यांच्याबरोबर आलेल्या तणाची ती होती. युरोपीय संघाने २०२२ पासून त्यांवर कमाल मर्यादा घातली. चुरा केलेल्या मालात तण ओळखता येत नाही, म्हणून शक्य तिथे अख्खी पानं, अख्खी फुलं घ्यावीत. कुंडीतली तुळस, पुदिना आणि अंगणातली पात यांना तर तोड नाही.

आता गरम-गारचे अपवाद. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंश सेल्सिअसच्या वरची अतिगरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवली. पेय कोणतं हा मुद्दा नव्हता, तापमान हा होता; माते कमी गरम घेतला तर त्यावर तसा ठपका ठेवता येत नाही, हेही तेव्हाच सांगितलं. इराणच्या गोलेस्तान प्रांतात पन्नास हजारांहून अधिक लोकांवर २००४ ते २०१७ या काळात लक्ष ठेवलं गेलं. दिवसाला ७०० मिलिलीटरपेक्षा जास्त चहा ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांत हा कर्करोग होण्याचा धोका, कमी चहा कमी गरम पिणाऱ्यांपेक्षा ९० टक्क्यांनी जास्त निघाला. ज्या चहाचा जिभेला चटका बसतो त्याचा घशालाही बसतो. बशीत ओतून चहा पिणाऱ्या जुन्या माणसांची सवय या दृष्टीने फार शहाणपणाची होती. कप भरून पाच-दहा मिनिटं थांबावं. थर्मासमध्ये ठेवलेला चहा तासाभरानेही ६५ अंशांच्या वर असू शकतो, तो जास्त जपून घ्यावा.

गार चहाची काळजी वेगळी. सुकलेल्या पाल्यावर जिवाणू असतातच. उकळत्या पाण्याने त्यांतले बहुतेक मरतात. उन्हात बरणी ठेवून केलेल्या 'सन टी'चं पाणी मात्र कोमट राहतं, आणि जिवाणूंना तेच मानवतं. त्यामुळे उकळत्या पाण्यात उतरवून, निववून मग थंड करणं सगळ्यात सुरक्षित. रात्रभर गार पाण्यात भिजवायचं असेल तर पाणी उकळून गार केलेलं असावं, भांडं फ्रिजमध्ये ठेवावं आणि पेय त्याच दिवशी संपवावं. बाहेर पिताना बर्फ पाहावा. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ पासून खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलं. पेल्यात निळसर बर्फ दिसला तर तो पेला परत करावा. आणि बाटलीतल्या आइस्ड टीच्या मागे शंभर मिलिलीटरला किती ग्रॅम साखर लिहिली आहे ते पाहून त्याला बाटलीच्या मापाने गुणावं. बऱ्याचदा एका बाटलीत दिवसभराच्या साखरेचा कोटा संपतो.

उन्हाळ्यात गरम चहाने थंडावा मिळतो, असं मानणाऱ्यांची बाजूही निराधार नाही. कॅनडातल्या ओटावा विद्यापीठाच्या २०१२च्या प्रयोगात सायकल चालवणाऱ्या नऊ पुरुषांना दीड अंशापासून पन्नास अंशांपर्यंतचं पाणी वेगवेगळ्या वेळी दिलं. गरम पाणी प्यायल्यावर शरीरात साठलेली उष्णता कमी निघाली, कारण घाम जास्त आला. अट एवढीच की तो सगळा घाम वाळला पाहिजे. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हात, अंगावर सुती सदरा असताना, ही अट पुरी होऊ शकते. मुंबईत किंवा रत्नागिरीत मे महिन्यात घाम वाळत नाही, तो निथळत राहतो. तिथे गार पेयच बरं.

तान्ह्या बाळांसाठी नियम कडक हवा. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काहीही नको, शोपेचं पाणीही नको, बाळाचं पोट दुखत असलं तरी नको. २००३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चक्रीफुलाच्या चहाबद्दल इशारा दिला, तेव्हा तो प्यायल्यावर झटके येणं, उलट्या होणं असे त्रास झालेल्या सुमारे चाळीस जणांत पंधरा तान्ही मुलं होती. खाण्याच्या चक्रीफुलात दिसायला तसंच विषारी जपानी चक्रीफूल मिसळल्याचा संशय होता. गरोदरपणात आलं आणि पातीचा एखादा कप चालतो, पण रोजचा अंबाडीचा चहा, ज्येष्ठमध आणि कुठलंही 'डिटॉक्स' मिश्रण दूर ठेवावं.

रोजच्या पिण्याला गवती चहा, आलं, पुदिना, धने, तुळस हे पुरेसं आहे, गरम घ्या नाहीतर गार, पण बिनसाखरेचं आणि जेवणापासून तासभर दूर. गुण यावा म्हणून एखादी वनस्पती रोज, महिनोन्‌महिने घेत असाल तर ती औषधच समजा: कोणती, किती, किती दिवस आणि इतर गोळ्यांबरोबर चालते का, हे चारही प्रश्न तिला लागू आहेत. आपल्याकडे रुग्ण डॉक्टरांना गोळ्यांची नावं सांगतात आणि काढ्याचं सांगत नाहीत, कारण तो त्यांच्या लेखी घरचाच असतो. डॉक्टरही बहुधा विचारत नाहीत. पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना गोळ्यांच्या यादीखाली काढ्यातल्या आणि चहातल्या वनस्पतींची नावंही लिहून न्या, आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या यादीतही ती तुम्हीच लिहून द्या.